सरांची मूठ

संघपालच्या मुलाची, अंकितची, वरात भर चौकात थांबली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. लग्न साडेबाराचं, आणि एक वाजता भन्तेजींना काटोलचं दुसरं लग्न लावायला निघायचं होतं. ते गेले तर अंकितचं लग्न लावणार कोण? संघपाल सारखा घड्याळ बघत होता, पण पुढे पाऊल काही पडेना.

कारण पुढच्या उघड्या जीपमध्ये प्रेमानंद सर बसले होते आणि सरांची मूठ वर होती. सर म्हणजे विद्यापीठाच्या संचलन बँडचे निवृत्त प्रमुख. तीस वर्षांत त्यांनी शेकडो पोरं घडवली. संघपाल त्यांतलाच, आणि लग्नाचा बँडही त्यानं हौसेनं जुन्या सवंगड्यांचाच जमवला होता. सरांची मूठ वर गेली की जागच्या जागी थांबायचं, खाली येईस्तोवर हलायचं नाही, हे सगळ्यांच्या हाडात मुरलेलं. बँड एका ठोक्यात थांबला, तसा जीपवाल्यानंही ब्रेक मारला आणि मागून नाचत येणाऱ्या मावश्या एकमेकींवर आदळल्या.

"काहून थांबले हो?" नवऱ्यामुलाची आई कौसल्या ओरडली.

"सरांले काहीतरी खटकलं वं. लाईन वाकडी असंल," संघपाल म्हणाला.

"वरातीले कुठं लाईन असते?"

"सर असले का असते!"

संघपालनं मावश्यांना तिघीतिघींच्या रांगेत उभं केलं, मामांचे फेटे सरळ केले, नाचरे भाचे उंचीप्रमाणे लावले. मूठ तश्शीच. मागे हॉर्नचा नुसता कालवा झाला, तसा वाहतूक पोलीस अंकुश तणतणत आला.

"रस्ता का तुमच्या..." त्याची नजर जीपकडे गेली आणि टाचा आपोआप जुळल्या. "सर आहेत काय? मंग सांगा ना गा! मी दोन हजार सहाची बॅच, साइड ड्रम!" आणि त्यानं चारी बाजूंची वाहतूक अडवून टाकली.

एकला बारा मिनिटं उरली तेव्हा मुलीचे वडील बाबाराव हॉलवरून धावत आले. ते बिचारे कोणत्याच बँडमध्ये नव्हते. "अवो व्याही, भन्तेजी चपला घालून राहिले ना!" असं म्हणत ते थेट जीपवर चढले आणि त्यांनी सरांना गदागदा हलवलं.

सर दचकून जागे झाले. "डोळा लागला होता गा. खांदा दुखते म्हणून वरची दांडी धरून बसलो होतो."

मग त्यांनी मागे वळून पाहिलं. दोनशे माणसं, शालू-पैठण्यांसकट, एका सुतात उभी! सर उठून उभेच राहिले. "संघपाल, तीस वर्षांत मले अशी लाईन नाही भेटली रे." संघपालनं छाती फुगवून कडक सलाम ठोकला.

"तेज चल!" सर गरजले. नाचत गेलं तर पाऊण तास खाणारं अंतर वरातीनं पाच मिनिटांत कापलं. एकाही मावशीचा डावा पाय चुकला नाही. भन्तेजींनी मुकाट्यानं चपला काढल्या.

स्वागताला मात्र मुलीचे वडीलच नव्हते. ते जीपमधून उतरले आणि अख्खी वरात त्यांना मागे टाकून निघून गेली होती. बाबाराव घामाघूम होऊन दारात पोचले. आता भांडण होणार म्हणून कौसल्या मधे पडायला निघाली. पण त्यांनी संघपालला बाजूला घेतलं.

"व्याही," ते धापा टाकत म्हणाले, "पुढच्या वर्षी आमच्या धाकट्या गुंजनचं लग्न आहे. मुलाकडचे लोक दोन-दोन तास नाचतात म्हणे. सरांची तारीख आत्ताच पक्की करून द्या ना!"