जहाजापायी गेलेली मिशी

घरात कार्य निघालं की ते पार पडेपर्यंत घरातल्या कोणीही हौसेमौजेसाठी गावाबाहेर जायचं नाही, असा उकंडरावांचा नियम होता. वावर, बाजार, दवाखाना चालेल, फिरणं नाही. आणि मुलीचा, ज्योत्स्नाचा, साखरपुडा तोंडावर आलेला असताना बियाण्याच्या कंपनीने नेमकं त्यांच्या मुलाला गोव्याला न्यायचं ठरवलं. धनराजचं कामरगावात कृषी केंद्र होतं. त्याने सोयाबीनचं बियाणं भरपूर खपवलं होतं, त्यामुळे कंपनी त्याच्यावर खूश होती. उकंडराव खूश होतील का, हे विचारायला कोणी गेलंच नाही. पुण्याला कंपनीचं ट्रेनिंग आहे असं सांगून धनराज निघाला आणि आपण केवढी हुशारी केली या आनंदात गोव्याला पोचला.

गोव्याच्या समुद्रात एका बेटाजवळ फार पूर्वी बुडालेलं एक मालवाहू जहाज होतं. ते फारसं खोल नव्हतं. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून, तोंडात नळी देऊन, हाताला धरून माणसाला खाली नेत आणि जहाज दाखवून वर आणत. धनराजलाही न्यायला सगळे तयार होते, पण त्याची मिशी तयार नव्हती. नाकाडोळ्यांवर लावायचा काचेचा मुखवटा ओठाच्या वर घट्ट बसावा लागतो. धनराजची मिशी थेट बापासारखी, जाडजूड आणि ओठावर उतरलेली. तिच्यातून पाणी आत शिरायचं, धनराज ठसकत वर यायचा आणि होडीतले बाकीचे दुकानदार हसायचे. शेवटी नेणारा माणूस कंटाळून म्हणाला, "भाईसाब, या तो मूँछ, या जहाज."

धनज गावचा दुकानदार रतनसिंग शेजारीच बसला होता. त्याने पिशवीतून दाढीचं रेझर काढून पुढे केलं. "काढून टाक गा. मिशी का जमीन होय, गेली तं गेली? पुना उगते."

त्या क्षणी धनराजच्या डोक्यात साखरपुडा नव्हता, कामरगाव नव्हतं आणि वडील तर मुळीच नव्हते. मिशी समुद्रात गेली आणि तिच्यामागोमाग धनराजही.

वडील आठवले ते परतीच्या प्रवासात, कारंज्याच्या स्टँडवर, पानटपरीच्या आरशात स्वतःचं तोंड बघताना. आपल्याकडे बाप गेल्यावर मिशी काढतात. बाप जिवंत असताना काढत नाहीत, काढण्याचा विषयसुद्धा काढत नाहीत. मिशी काही परवापर्यंत येणार नव्हती आणि साखरपुडा परवा होता.

उन्हाळ्याचे दिवस होते ही एवढीच देवाची कृपा. उन्हासाठी सगळेच तोंडाला दुपट्टा गुंडाळून हिंडतात, तसा त्यानेही गुंडाळला. न्हाव्याचा हात चुकला असं घरी सांगायचं, बाबा चार शिव्या देतील, त्या खाली मान घालून घ्यायच्या, असं ठरवून तो कामरगावात उतरला. पण घशाला कोरड पडली होती. सेवादासच्या चहाच्या हॉटेलापुढे पाण्याचा माठ होता. धनराजने दुपट्टा खाली केला आणि पेला तोंडाला लावला. सेवादासने पाहिलं आणि ओतता ओतता त्याचा चहा बशीबाहेर गेला. त्याने धनराजचा हात दोन्ही हातांत धरला, डोळे पुसले आणि उकंडरावांसारखा माणूस पुन्हा होणे नाही म्हणून हॉटेलाची फळी अर्धी लावून घेतली.

"काका, बाबाले काई नाई झालं," धनराज म्हणाला.

"होय बाप्पा," सेवादास म्हणाला. "असाच धीर ठेव. मायकडं पाह्य आता."

धनराज मोठ्या रस्त्याने घरी पोचला. बातमी शेजारच्या बेबीबाईबरोबर आडवाटेने आली होती, म्हणून ती आधी पोचली. दारात पाऊल ठेवलं तेव्हा त्याची आई सोजरबाई अंगणात बसून टाहो फोडत होती आणि चार बायका तिला सावरत होत्या. धनराजने वडिलांना हाका मारल्या. त्या हाका ऐकून बायका आणखीच रडायला लागल्या. उकंडराव घरी नव्हतेच. ते साखरपुड्याचं आवतण द्यायला आदल्या दिवशी शिरपूर जैनला बहिणीकडे गेले होते आणि मोबाइल घरीच चार्जिंगला विसरले होते. धनराजने लावलेला फोन देवघराशेजारी वाजला तेव्हा सोजरबाईची शुद्धच हरपली.

बेबीबाईने तोवर सगळं जुळवून टाकलं होतं. उकंडराव वाटेत गेले, पुण्याहून येणाऱ्या पोराला तिकडेच बोलावून घेतलं, उन्हाळ्यामुळे सगळं तिथेच उरकलं आणि आता पोराला आईपुढे सांगायचं धाडस होत नाही. यातलं काहीही खोटं ठरवायला धनराजजवळ काही नव्हतं. बाबा सुखरूप आहेत असं तो जितकं सांगे, तितका लोकांना त्याच्या मनाचा मोठेपणा दिसे. न्हाव्याचा हात चुकल्याचं त्याने सांगून पाहिलं. त्यावर बेबीबाई म्हणाली, हात चुकला तर अर्धी मिशी जाते, पुरी जात नाही. डोक्यावर केस तसेच कसे, असा एकाने प्रश्न काढला होता. पण शिकलेली पोरं आजकाल नुसती मिशीच देतात, असं दुसऱ्याने सांगितलं आणि तोही प्रश्न मिटला.

धनराज स्वयंपाकघरात बायकोला गाठून एका दमात सगळं खरं बोलून गेला. ट्रेनिंग नव्हतं, गोवा होता, पाण्याखाली जहाज होतं. रुचिकाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

"मंग सांगा ना सगळ्याईले," ती म्हणाली.

"आन बाबाले कळलं तं?"

"बाबा असतीन तं कळन," रुचिका म्हणाली आणि पदर तोंडाला लावून पुन्हा रडायला लागली.

आता शिरपूरला विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने रत्नमाला आत्याला फोन लावला. दादा जेवून रात्री इथेच राहिला आणि आज सकाळी उजाडताच निघाला, असं आत्याने सांगितलं. जीपमध्ये बसला, पुढचं ठाऊक नाही. सकाळी निघालेला माणूस दुपार कलली तरी आला नव्हता. काय झालं म्हणून आत्या विचारत असताना मागून सोजरबाईचा हंबरडा तिला ऐकू गेला. तिने जे समजायचं ते समजून फोन खाली टाकला आणि भाड्याची जीप ठरवली.

धनराज गोठ्यात जाऊन गव्हाणीशी टेकला. इतका वेळ तो लोकांच्या बावळटपणावर चिडला होता. आता त्याला स्वतःचीच शंका यायला लागली. बाप जिवंत असताना मिशी काढायची नसते, ती आपण काढली. एका गंजक्या जहाजासाठी काढली, बाबांशी खोटं बोलून काढली. वाटेत जीप उलटली असेल तर. उन्हाने चक्कर येऊन बाबा कुठे पडले असतील, खिशात मोबाइल नाही, कोणाला कळवायचं कसं. त्याला लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलेली शिरपूरची जत्रा आठवली आणि रडू आवरेना. तो खरंच, अगदी हमसून हमसून रडला. गोठ्याच्या दारातून डोकावणाऱ्या लोकांना बरं वाटलं. आता कुठे पोरगा मोकळा झाला, असं ते हळू आवाजात एकमेकांना सांगायला लागले.

तेवढ्यात ज्योत्स्नाचे होणारे सासरे गुणवंतराव कारंज्याहून आले. सेवादासच्या हॉटेलातून निघालेली बातमी बसबरोबर तालुक्याला गेली होती. गुणवंतराव रीतीभातीचे माणूस होते. बैठकीत गेल्यावर त्यांनी टोपी काढली, थोडा वेळ छताकडे पाहिलं, उकंडरावांबद्दल चांगलं बोलले आणि मग मुद्द्यावर आले. सुतकात साखरपुडा होत नाही, पुढे वर्षभरही नाही. तेव्हा तो पुढच्या सालावर गेला. पुढच्या सालाचं आपण आज काय बोलावं, मुलगा नोकरीवाला, त्याला सांगून येणारी स्थळं काही थांबत नाहीत. दाराआड ज्योत्स्ना उभी होती. तिला हा मुलगा आवडला होता आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती रडत नव्हती. ती नुसती भावाच्या तोंडाकडे, मिशी होती त्या जागेकडे, बघत होती.

धनराजला ते बघवेना. आता काय व्हायचं ते होवो, म्हणून त्याने गोवा सांगायला तोंड उघडलं, तोच बाहेर जीप थांबली. रत्नमाला आत्या गळा काढत आत आली. तिच्या मागून दोन बायका आल्या आणि त्यांच्या मागून, हातात कापडी पिशवी घेऊन, उकंडराव आले. शिरपूरहून ते आणखी एका पाव्हण्याकडे आवतण द्यायला गेले होते आणि परतताना फाट्यावर उभे राहून मागून येणाऱ्या जीपला त्यांनी हात दाखवला होता. ड्रायव्हरने त्यांना पुढे आपल्याशेजारी बसवलं. मागच्या बायका पदर घेऊन इतक्या रडत होत्या, की कोणाच्या तरी मयतीला निघालेल्या लोकांना चौकशी कशाला करायची म्हणून उकंडराव वाटभर गप्प बसले. जीप आपल्याच दारात थांबल्यावर त्यांना जरा नवल वाटलं.

"कोन गेलं वं?" त्यांनी दारातल्या बेबीबाईला विचारलं.

बेबीबाईने नुसतं त्यांच्याकडेच बोट केलं आणि खाली बसली.

धनराज धावला आणि बापाच्या पायावर पडला. आयुष्यात कधी पडला नव्हता असा पडला. उकंडरावांनी त्याला खांद्याला धरून उठवलं, त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ पाहिलं. रत्नमाला आत्यासुद्धा रडायची थांबली.

"मी तं अथी उभा हावो," ते म्हणाले. "मंग मिशी कोनाची काढली?"

धनराजने सगळं सांगितलं. आईसमोर, बायकोसमोर, होणाऱ्या व्याह्यासमोर आणि निम्म्या कामरगावासमोर. बुडालेलं जहाज पाहण्यासाठी मिशी काढली, हे ऐकून लोकांचे चेहरे पडले. मरणाची बातमी त्यांनी एका मिनिटात खरी मानली होती. ही कोणाला पटेना. माणूस मेला नाही याचा आनंद थोडा वेळ टिकला, पण आपलं रडणं फुकट गेलं याचा राग त्याहून थोडा जास्त टिकला.

गुणवंतरावांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. त्यांचा आवाज आता व्याह्याचा राहिला नव्हता. "उकंडराव, तुमी हावो याचा आनंद हाये. पन ज्या घरातला पोरगा जितल्या बापाची मिशी मौजेसाठी काढते, त्या घरात सोयरीक कराची म्हंजे इचार करा लागंल. उद्या लोक मले इचारतीन."

ज्योत्स्ना दाराआडून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. धनराजला वाटलं, आपण जहाजापाशीच राहिलो असतो तर बरं झालं असतं. उकंडरावांनी पिशवी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले, पाणी प्याले आणि व्याह्यासमोर येऊन बसले.

"इवाईबुवा, मिशी बाप मेल्यावर काढाची असते, बराबर?"

"बराबर."

"म्हंजे थे माह्या मरनाची मिशी होती."

"होती."

"मंग ज्याच्या मरनाची होती त्याची काई तक्रार नाई. मी अथी बसून सांगून राह्यलो. तुमाले कायचा तरास हाये?"

गुणवंतरावांनी बरीच उत्तरं शोधली. पण मेलेल्या माणसानेच येऊन हरकत नाही म्हणून सांगितल्याची गोष्ट त्यांच्या पाहण्यात नव्हती, त्यामुळे रीत काय ते त्यांना सांगता येईना. त्यांनी पुढ्यातला चहा उचलला. चहा संपल्यावर ते म्हणाले, "परवा आमच्याकडचे लोक जरा जास्तच येतीन. आता तुमाले पाह्याले येतीन समदे." आत काहीतरी खाली पडलं. ज्योत्स्नाच्या हातातलं ताट असावं.

लोक पांगले. सोजरबाई नवऱ्याला जेवायला वाढून दहादा बघून गेली. धनराजशी मात्र उकंडराव एक अक्षर बोलले नाहीत. खोटं बोललास, कार्याच्या घरातून फिरायला गेलास, मला जिवंतपणी मारलंस, यांपैकी कशापासून सुरुवात होते याची वाट बघत तो अंगणातल्या खाटेवर अंग चोरून बसला होता. ऊन उतरल्यावर उकंडराव आले आणि त्याच्याच खाटेवर टेकले.

"काय दिसलं तठी?" त्यांनी विचारलं.

"काई नाई, बाबा," धनराज म्हणाला. "पानी गढूळ होतं. लोखंड दिसलं थोडंसं. एक मासोळी दिसली. थे बी निंगून गेली."

"आन समुद्र?"

"तो दिसला. लय मोठा हाये. पल्ल्याड काईच नाई."

गाय दोनदा हंबरली तरी उकंडरावांचं लक्ष गेलं नाही. मग, घरातल्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, ते म्हणाले, "पुढच्या साली कंपनीनं नेलं तं मले बी ने."

धनराजने बापाकडे आणि बापाच्या जाडजूड मिशीकडे पाहिलं. "बाबा, खाली जाचं असन तं मिशी काढा लागते."

"मंग काढू," उकंडराव म्हणाले. "मले कायची अडचन? माहा बाप कवाचाच मेला."