आंत्रपुच्छदाहाची लक्षणे लिहा (कोणतीही पाच)

विद्यार्थ्यांना जीवशास्त्र आणि वैद्यकातल्या मूलभूत संज्ञा समजावून सांगणे हे माझे काम आहे. समजावणे म्हणजे पाठ करून घेणे. मागे एका मुलीने 'ताप म्हणजे अंग तापणे' असे लिहिले, तिला मी शून्य दिले. एवढे तर घरातली माणसेही सांगतात, त्याला शाळा कशाला हवी? 'शरीराचे तापमान सामान्य मर्यादेपेक्षा वाढणे' असे लिहिले की पूर्ण गुण. या शिस्तीतून कितीतरी डॉक्टर घडले.

त्यांतल्याच एकाच्या दवाखान्यात परवा मी कळवळत शिरलो. सोबत बायको होती. मला पाहताच डॉक्टर खुर्चीतून ताडकन उठला.

"सर! बसा, बसा. लक्षणं सांगा."

प्रश्न माझ्या आवडीचा होता. "बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारी वेदना," मी सुरुवात केली. माझी कळ खरे तर पाठीत उठली होती. पण माझ्या नोट्समधले वाक्य बेंबीपासून सुरू होते, त्याला माझा इलाज नाही. "मळमळ. भूक मंदावणे. दाबल्यास दुखणे."

डॉक्टर बोटांवर मोजत होता. "चार झाली, सर. पाचवं?"

पाचवे मला नव्हते. पण 'कोणतीही पाच' म्हटल्यावर चारांवर पेपर देऊन उठणाऱ्यांतला मी नव्हे. "ज्वर," मी ठोकून दिले.

"अहो, ताप कुठाय तुम्हाला?" बायको म्हणाली. "आणि सकाळपासून पाठ धरून फिरताय ना?"

"मध्ये बोलू नकोस. उत्तर पूर्ण होऊ दे."

नर्सने थर्मामीटर लावला. ताप नव्हता. डॉक्टरने थर्मामीटर झटकून बाजूला ठेवला.

"यंत्र चुकेल, काकू. सर चुकायचे नाहीत. आंत्रपुच्छदाह! म्हणजे अपेंडिक्सला सूज. आजच काढून टाकू."

आता मात्र माझी पाचावर धारण बसली. 'पाठीत दुखतंय रे बाबा' एवढे म्हटले असते तरी सुटलो असतो. पण विद्यार्थ्यासमोर स्वतःचे उत्तर स्वतः खोडायचे? त्यापेक्षा पोट फाडलेले परवडले, असे मी मनाशी म्हटले आणि त्याप्रमाणे ते फाडण्यात आले.

शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर हरखून गेला होता.

"सर, अगदी आकृतीतल्यासारखं होतं! सूज नाही, काही नाही. एकदम निरोगी!"

"मग यांच्या कळा का थांबत नाहीत?" बायकोने विचारले.

"कुठे येताहेत?"

"पाठीत! केव्हाची तेच सांगतेय मी!"

डॉक्टरचा चेहरा उतरला. "मग मुतखडा असणार. पण काकू, मुतखडा उत्सर्जनसंस्थेच्या धड्यात येतो. आपली तेव्हा पचनसंस्था चालू होती."

मी पडल्या पडल्या मान डोलावली. पोराचा मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. त्यात थोडा वाटा टाक्यांचाही असेल.

तुम्ही हसताय. हसा. शाळेत तुम्हीही गेला होतात. सांगा पाहू, यकृत म्हणजे काय? 'शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी.' बघा, कसे घडाघडा आले! शाबास, पूर्ण गुण. आता जरा त्या यकृतावर हात ठेवून दाखवा.

नाही, तिथे नाही.