आबांचं शिफारसपत्र

आयर्लंडमधल्या आमच्या कॉर्कच्या गल्लीत रोज सकाळी दहाला जनता दरबार भरायचा. जनता तेवढी नसायची.

दरबार आबांचा. शेजारच्या प्राचीचे हे वडील घाटावरचे. पाच वेळा आमदार, सहाव्यांदा पडले. लेकीकडे दोन महिन्यांसाठी आले आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अडकले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, वर जावयाचं जॅकेट, अशा थाटात ते दारात खुर्ची टाकून बसत. मांडीवर लेटरहेड आणि शिक्का. लेटरहेडवर 'आमदार' छापलेलं होतं, त्याआधी 'माजी' पेनानं, मुंगीएवढं. मी रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात निघालो की हाक यायची, "काय अडचण हाय का? अर्ज टाका, काम हुतंय."

समोरच्या पॅट्रिकच्या मुलीला नोकरी नव्हती. आबांनी गावी बबनला फोन लावला. बबन म्हणजे तीस वर्षांचा त्यांचा पीए. त्यानं मजकूर सांगितला, आबांनी उतरवून घेतला: 'सदर व्यक्ती माझ्या चांगल्या परिचयाची असून होतकरू आहे. तिची योग्य ती सोय व्हावी.' पॅट्रिक "ग्रँड" म्हणाला आणि ते मराठी पत्र त्यानं फ्रिजवर लावलं. महिन्याभरात मुलीला दुकानात काम लागलं. मग काय, आबांशी बोलायची सोय उरली नाही.

मला हसू यायचं आणि रागही. एकदा विचारलंच, एवढ्या वर्षांत तालुक्याला धड दवाखाना का नाही झाला?

आबा शांतपणे म्हणाले, "त्यासाठी कोण अर्ज घिऊन आलंच न्हाई."

एप्रिल २०२१. बबन जिल्ह्याच्या गावी दवाखान्याबाहेर रिक्षात धापा टाकत होता. आबांनी सकाळपासून फोन लावले. त्यांनी नोकरीला चिकटवलेल्या माणसांनी ते उचललेही. सगळ्यांचं उत्तर एकच, "आबा, बेडच नाही हो." दुपारी प्राचीनं रडत सांगितलं, बबनकाका गेले.

थोड्या वेळानं माझी बेल वाजली. दारात आबा, हातात लेटरहेड. वाकड्यातिकड्या अक्षरांत 'सदर व्यक्ती माझ्या चांगल्या परिचयाची असून' एवढंच लिहिलेलं.

"आजवर सगळ्या पत्रांचा मजकूर बबनचाच," ते म्हणाले. "मी नुस्ती सही केली. फुडचं येत न्हाई मला."

मी त्यांना आत बसवलं आणि पुढचा मजकूर सांगितला. त्यांनी सावकाश लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मग वर 'प्रति' लिहिलं आणि पेन धरून माझ्याकडे बघत राहिले.

"आता हे कुणाला धाडायचं, सांगता का?"