दोन खुर्च्यांवरचा पाहुणा

मुलांनो, असा एक रस्ता डोळ्यांसमोर आणा, की ज्याच्या या कडेची दुकानं एका राजाची आणि समोरची दुसऱ्या राजाची. देवासला असंच होतं. थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राज्यं. पुढे दोन्ही विलीन झाली, पण माणसांची डोकी विलीन व्हायची राहून गेली.

आता त्या रस्त्यावर एकोणसाठ सालच्या उन्हाळ्यातली एक दुपार आणा. तिबेटातून जीव घेऊन निघालेले नोर्बूजी यायचे होते. आपल्या लोकांवर काय गुदरलं ते गावोगाव सांगत ते हिंडत. ऐकून लोकांनी सरकारकडे अर्ज करावेत, कुणीतरी आपली बाजू घ्यावी, एवढीच त्यांची आशा. देवासला ते संध्याकाळच्या इंदूरच्या मोटारीपर्यंतच थांबणार होते. नऊ वर्षांची लतिका त्यांच्यासाठी स्वागतगीत म्हणणार होती.

पाहुणे आले, तर रस्त्याच्या दोन्ही कडांना एकेक मांडव.

"पाहुणे आमच्या मांडवात बोलतील," मोरोपंत म्हणाले. हे थोरल्या पातीचे जुने कारभारी आणि लतिकेचे आजोबा.

"थोरले झालात म्हणून तिबेटही तुमचाच का?" धाकट्या पातीच्या दत्तोपंतांनी विचारलं.

शेवटी पाहुण्यांनी भर रस्त्यात बसावं असं ठरलं. मग खुर्ची कुणाची? दोन्हीकडून एकेक आली, शेजारीशेजारी ठेवली गेली, आणि नोर्बूजी मधल्या फटीवर अवघडून बसले. मग तोंड कुणाकडे? एकीकडे करावं तर दुसरीकडे पाठ.

"फिरवा भिया, फिरवा," पानवाला गणपत म्हणाला. "घानी का बैल समझ लिया है पाहुण्याला."

मग त्यांचं तोंड सरळ रस्त्याकडे केलं. समोर ऐकायला एक गाय तेवढी होती.

लतिका खुर्चीला टेकून आपल्या गाण्याची वाट पाहत होती. नोर्बूजींच्या मांडीवर लहान मुलीचा लोकरी बूट होता. एकच.

"ये किसका है?" तिने विचारलं.

आणि ते मोडक्यातोडक्या हिंदीत, हळू आवाजात तिला सांगू लागले.

तिकडे अध्यक्षांची भाषणं सुरू झाली. अध्यक्ष अर्थातच दोन. "दुसऱ्याच्या हद्दीत घुसणं हा अधर्म आहे," दत्तोपंत कडाडले, आणि तेवढ्यात त्यांच्या माणसांनी आपली सतरंजी रस्त्याच्या मध्यापलीकडे हातभर सरकवली. मोरोपंतांनी तिबेट सोडला आणि सतरंजीचं टोक धरलं. ती टरकन फाटली, तेव्हाच मोटारीचा भोंगा वाजला.

नोर्बूजी उठले. बूट झग्यात ठेवला, लतिकेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोटारीत चढले. हळूहळू धुरळा खाली बसला.

"अहो, पण ते बोललेच नाहीत," दत्तोपंत म्हणाले.

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?" मोरोपंत म्हणाले. "असो. सभा अर्धवट नको. लते, स्वागतगीत तरी म्हण."

"पाहुणे गेले, आजोबा."

"म्हण गं. मंडळी खोळंबली आहेत."

लतिकेने परकर सावरला. एक पाय थोरल्या खुर्चीवर ठेवला, दुसरा धाकट्या खुर्चीवर, आणि ती उभी राहिली. गाणं तिने म्हटलंच नाही.

"तिचं नाव पेमा," ती म्हणाली. "माझ्याएवढी होती. बर्फात तिच्या पायातला एक बूट निघाला. तो आणायला तिचे बाबा मागे गेले, तेवढ्यात गोळ्या सुरू झाल्या. बूट त्यांना सापडला."