पिनामिनची सर्दी

वैद्यकीत मी आयुष्यात एकदाच चुकलो. आता रोगीही एकच होता, ही गोष्ट वेगळी!

भर अटलांटिकातल्या आमच्या ट्रिस्टन बेटाला जहाज लागलं की दोन दिवसांत अख्खं गाव शिंकायचं. पीठ, साखर आणि सर्दी हटकून उतरायची. त्या वर्षी पाद्रीबाबाही उतरणार होते. माझं आणि अर्नेस्टीनाचं लग्न लावून ते त्याच जहाजानं परतणार. पुढचं जहाज पाच महिन्यांनी!

अर्नेस्टीनानं परसात एक लंगडा पेंग्विन सांभाळला होता. आमच्या बोलीत पिनामिन. जहाजावरून टपालाची होडी येऊन गेली आणि दुसऱ्या सकाळी पाहतो तो काय, त्याच्या चोचीवरून थेंब टपटपतायत! मध्येच मुंडी झटकून फुर्रर्र!

"सर्दी!" मी जाहीर केलं. दवाखान्यात मी दोन हिवाळे बाटल्या विसळल्या होत्या, शंकेला जागाच नव्हती.

"पक्ष्याला? अरे, त्याचं तर..." अर्नेस्टीना सांगू लागली.

"जहाजाची सर्दी पिसं बघत नाही!"

सर्दीला आमच्याकडे औषध एकच, मिठाचं पाणी. चमचाभर पाजलं. नाक दुप्पट वाहिलं. मी मात्रा वाढवली. दुपारपर्यंत पिनामिन फुटक्या पिंपासारखा गळत होता! ऊब म्हणून त्याला माझ्या लग्नाचा लोकरी मोजा चढवला. आमच्याकडे मोजे मुलगी विणून देते; जितके पट्टे, तितकं तिचं प्रेम. माझ्याला सात होते.

कुंपणावरून गावचे मुखिया विलफर्डकाका डोकावले. "रोगी आहे म्हणे?"

"काळजी नको काका, माझे उपचार चालू आहेत."

"म्हणूनच काळजी वाटते!"

साथ पसरायला नको म्हणून काकांनी हुकूम सोडला. चर्च बंद, किनाऱ्यावर कुणी उतरायचं नाही!

"पाच महिने!" अर्नेस्टीना कडाडली. "तोवर मी दुसरा बघते. गप्प बसता येणारा!"

एका काखेत पिनामिन आणि दुसऱ्या हातात माझा कान धरून ती किनाऱ्यावर गेली. मागोमाग गाव. लाटा चढत होत्या, जहाज संध्याकाळीच नांगर उचलणार होतं. पाद्रीबाबांची होडी हाकेच्या अंतरावर डुलत होती. शेजारी जहाजाचे डॉक्टर.

"रोग्याला काय दिलंत?" डॉक्टर ओरडले.

"मिठाचं पाणी! सोळा चमचे!"

होडी हसून उलटायची राहिली.

"अहो, त्याच्या डोळ्यांवर दोन ग्रंथी असतात! रक्तातलं जास्तीचं मीठ त्या गाळतात नि नाकावाटे टाकतात! पाजाल तितकं गळेल! ठणठणीत आहे तो!"

"मग कालपर्यंत कसं गळत नव्हतं?" मी शेवटचा किल्ला लढवला.

"रोजच गळतं!" अर्नेस्टीना म्हणाली. "आज पहिल्यांदाच तू माझ्याऐवजी त्याच्याकडे पाहिलंस!"

यावर गाव जे हसलं! काका स्वतः गुडघाभर पाण्यात शिरले आणि पाद्रीबाबांना पाठुंगळी घेऊन आले. तिथंच दगडगोट्यांवर उभ्याउभ्या लग्न लागलं. माझ्या एका पायात मोजा नव्हता. "मान्य आहे?" असं विचारताच पिनामिननं मुंडी झटकली. पाद्रीबाबांचा चष्मा भिजला. अर्नेस्टीना "हो" म्हणाली.

एक्केचाळीस वर्षं झाली. पिनामिन त्याच उन्हाळ्यात समुद्रात गेला. मोजा अजून पेटीत आहे. जहाज दिसलं की अर्नेस्टीना आजही विचारते, "काय डॉक्टर, रोगी कसा आहे?"

परवा खऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझं मीठ बंद केलं. माणसाच्या डोळ्यांवर नुसत्या भुवया! तेव्हापासून अर्नेस्टीना मिठाची बरणी लपवते. आत्ता ती बटाटे आणायला गेली आहे. तेवढ्यात ती वरच्या फळीवरची बरणी जरा इकडे सरकवता का?