साठ बोटं आणि एक मिशी

"एकही माणूस! आपल्या कॉलेजचा एकही माणूस यंदा मतदानाबिगर राहिला, तं ही मिशी उतरवून टाकीन!"

प्राध्यापक जागेश्वर तितिरमारे यांनी भर स्टाफरूममध्ये ही गर्जना केली, तेव्हा सगळ्यांचे चहाचे कप हवेतच थांबले. कारण मिशी साधीसुधी नव्हती. भंडाऱ्यात सर नंतर दिसत, मिशी आधी दिसे!

मतदार जागृतीचं काम खरं तर राज्यशास्त्राच्या धम्मदीप मेश्राम सरांकडे जायला हवं होतं. पण प्राचार्यांनी ते रसायनशास्त्राच्या तितिरमारे सरांच्या गळ्यात घातलं, कारण मीटिंगमध्ये सगळ्यात मोठा आवाज त्यांचा असे. सरांनीही ते असं अंगावर घेतलं, जणू देशातली लोकशाही त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार होणार होती. गावोगावच्या पोरांना जमवून त्यांनी भाषणं ठोकली. एका भाषणात तर टेबलावर मूठ आपटून सांगितलं, "बोटावर शाई दिसली म्हणजे मत झालं! मंग तो कलेक्टरचा बाप का असेना, त्याले वापस पाठवाचं!"

आणि मग त्यांनी ठरवलं अभिरूप मतदान. म्हणजे खोटंच, पण अगदी खऱ्यासारखं. मतपेटी, पडदा, केंद्राध्यक्ष, सगळं! मुद्दा एकच: शनिवारी कॅन्टीनमध्ये तर्री-पोहे हवेत की आलूबोंडा?

"शाईले स्केचपेन चालते ना," मेश्राम सर म्हणाले.

"स्केचपेन? मी काय केजीचा मास्तर आहो? अवो, खऱ्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. माझ्या लॅबमधी बाटलीभर पडलं आहे!"

पहिला ठिपका सरांनी स्वतःच्याच डाव्या तर्जनीवर ओढला आणि मग साठ पोरापोरींची रांग लागली. सरांची बोटं बारा महिने कसल्या ना कसल्या रसायनानं रंगलेलीच असत, त्यामुळे त्या ठिपक्याकडे पुन्हा कोणाचं लक्ष गेलं नाही. सरांचंही नाही.

"सर, काहीच दिसून नाही राहिलं!" करडी गावची दामिनी बोट नाचवत म्हणाली.

"आणखी एक हात मारतो. आता उन्हात जा, मंग पाहा!"

पोरं उन्हात गेली आणि बघता बघता साठ बोटं काळीकुट्ट झाली. टाळ्या कडाडल्या. सरांनी मिशीवर ताव दिला. मतमोजणीत आलूबोंड्यानं तर्री-पोह्यांचं डिपॉझिट जप्त केलं!

विजयाचा आलूबोंडा खात मेश्राम सर बाहेर आले, दामिनीचं बोट पाहिलं आणि त्यांचं तोंड चालायचं थांबलं.

"तितिरमारे सर, परवा खरं मतदान आहे."

"हो ना! तयारी झकास झाली."

"परवा केंद्रावर हे पोरं कोणतं बोट दाखवतीन?"

सर हसायला गेले. हसू अर्ध्यातच आटलं. साठ काळी बोटं एकदम त्यांच्याकडेच रोखल्यासारखी दिसू लागली.

"हे कधी निघते?" मेश्राम सरांनी हळूच विचारलं.

"नवीन कातडी आली की."

"म्हणजे?"

"दोन-तीन आठवडे."

मग जी धावपळ झाली ती विचारू नका! कोणी निंबू चोळलं, कोणी चुना, कोणी राख. एका पठ्ठ्यानं गाडीतलं पेट्रोल काढलं. बोटं लाल झाली, शाई तशीच. त्यात मेश्राम सर ओरडत आले, "थांबा रे! शाई काढाचा प्रयत्न केला तरी मत देऊ देत नाहीत!" पोरं जागच्या जागी गोठली. दामिनीच्या हातातलं अर्धं निंबू खाली पडलं.

"सर," ती म्हणाली. "मत कोनाले द्याचं ते मीच ठरवीन म्हनून मी बाबूजीसंग आठ दिवस भांडली. काल ते कसेबसे हो म्हनले. आता त्याईले काय सांगू? पोहे अन् आलूबोंड्यात मत देऊन आली म्हनून?"

सरांनी मिशीवरचा हात खाली घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच!

संध्याकाळपर्यंत बातमी जिल्ह्यात फिरली: कॉलेजात मतदान आधीच उरकलं! काळ्या बोटांचा व्हिडिओ वरठीच्या चहाटपरीपासून साकोलीच्या बसस्टँडपर्यंत पोचला. कॉलेजच्या फाटकावर दोन पक्षांचे कार्यकर्ते जमले. एकानं सरांची कॉलर धरली.

"मास्तर, जिंकलं कोन ते सांग!"

"आलूबोंडा!" सर घाबरून खरं बोलून गेले.

"हा आलूबोंडा कोनाचा मानूस आहे बे?" दुसरा गरजला, आणि दोन्ही पक्ष एकमेकांच्या अंगावर धावले. त्या गोंधळात मेश्राम सरांनी तितिरमारे सरांना मोटरसायकलवर घालून पळवलं म्हणून मिशी वाचली. तेवढ्यात फोन वाजला. तहसीलदार मॅडमनी उद्या सकाळी बोलावलं होतं.

रात्रभर सरांना डोळा लागला नाही. नोकरी जाईल याची भीती होतीच. पण डोळे मिटले की दिसायचं ते दामिनीचं बोट.

सकाळी मैदानावर मतदान यंत्रं वाटायचं काम चालू होतं. एसटीच्या रांगा, पेट्या उचलून धावणारे कर्मचारी आणि मधोमध दोन्ही कानांना दोन फोन लावलेल्या मॅडम.

"शाई लावणारे महाशय तुम्हीच का?"

"हो मॅडम. गुन्हा माझा आहे. मले काय शिक्षा द्याची ते द्या, पण पोरायचं मत जाऊ देऊ नका! पहिलं मत आहे वो त्यायचं!"

मॅडमनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग बाजूला जाऊन वरिष्ठांशी किती तरी वेळ बोलत राहिल्या.

"ऐका," मॅडम परत येऊन म्हणाल्या. "तुम्ही स्वतः प्रत्येक केंद्रावर जायचं, प्रत्येक विद्यार्थ्याची ओळख पटवायची. मग शाई शेजारच्या बोटाला लागेल. तसा आदेश काढते. विद्यार्थ्यांशिवाय आणखी कोणी आहे?"

"नाही मॅडम! सगळे विद्यार्थीच!" सर हात जोडून म्हणाले. जोडलेल्या हातांतली डावी तर्जनी काळीभोर होती. कोणी पाहिली नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातपासून मेश्राम सर गाडी चालवत होते आणि तितिरमारे सर मागे आदेश छातीशी धरून बसले होते. पहिलं केंद्र करडी. दामिनी रांगेत उभी होती, शेजारी बाबूजी कपाळाला आठ्या घालून. तिचं बोट पुढं येताच एका पक्षाचा एजंट ओरडला, "बोगस! हिचं झालं आहे!" केंद्राध्यक्षांनी आदेश वाचला, फोन लावला. फोन लागेना! पुन्हा लावला. मागची रांग कुरकुरू लागली. दामिनी ओठ दाबून उभी होती आणि सरांच्या कानशिलावरून घाम गळत होता. शेवटी फोन लागला. केंद्राध्यक्ष नुसते "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिले. मग त्यांनी मान हलवली, "जा बेटा."

पडद्याआडून लांब बीप आला. सरांचे डोळे पाण्यानं भरले. बाहेर बाबूजींनी विचारलं, "कोनाले देलं?"

"सांगत नसते, बाबूजी," दामिनी म्हणाली.

मग गावामागून गाव. शेवटची पोरं वरठीची. साठच्या साठ! परत भंडाऱ्यात पोचले तेव्हा पावणेसहा वाजले होते. सर धावतच आपल्या केंद्रात शिरले. समोर मतदान अधिकारी म्हणून त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, शाळेत शिकवणारी रीता.

"नमस्कार सर! बोट दाखवा."

सरांनी ऐटीत बोट पुढं केलं. रीतानं बोटाकडे पाहिलं. मग सरांनीही पाहिलं.

"अवो, हे तं... आदेश आहे ना!"

रीतानं आदेश दोनदा वाचला. "सर, यात विद्यार्थी लिहिलं आहे."

मॅडमचा फोन सारखा व्यस्त. घड्याळ पुढं सरकत होतं. सहा वाजले आणि रांगेतला शेवटचा माणूसही मत देऊन गेला.

"बेटा, तू तं मले ओळखते ना!"

"ओळखते ना सर," रीता रडकुंडीला येऊन म्हणाली. "तुमचं भाषण ऐकून राहिली होती मी. कलेक्टरचा बाप का असेना म्हणून."

सर मत न देताच बाहेर आले, तर तिथं पत्रकार वाट पाहत होते. "सर, बोट दाखवा! हसा!" दुसऱ्या दिवशी पेपरात मिशीसकट, काळ्या बोटासकट सर झळकले: 'आदर्श मतदार! कॉलेजचं मतदान शंभर टक्के!' प्राचार्यांनी पेढे वाटले. खरी गोष्ट सरांशिवाय फक्त रीताला ठाऊक होती आणि ती कोणाला सांगणार नव्हती.

त्यानंतरच्या सोमवारी वर्गात एक अनोळखी गृहस्थ शिरले. आवाज ऐकला तेव्हा कुठं पोरांना कळलं की सर आहेत.

"सर! मिशी कुठं गेली?" दामिनी ओरडलीच.

सरांनी सवयीनं ओठावर हात नेला. तिथं काहीच नव्हतं. मग त्यांनी खडू उचलला आणि फळ्याकडे वळले.

"सांगत नसते, बेटा," ते म्हणाले.