विल्फ्रेडला थोडंफार येतं

हिलरी एंटविसलने तो फॉर्म तिसऱ्यांदा वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. अठ्ठेचाळीस वर्षं हाताने ब्रश भरणाऱ्या विल्फ्रेड ऑग्डेनने 'हे काम तुम्हाला कितपत येतं?' या प्रश्नापुढे चक्क 'थोडंफार' वर खूण केली होती.

हिलरी जिल्ह्याच्या कौशल्य कार्यालयात होती. कारखानदारांच्या मागे लागून त्यांना आपल्या कामगारांच्या शिक्षणात लक्ष घालायला लावायचं, ही तिची नोकरी. पिलिंगच्या ब्रश कारखान्याचे उंबरे तिने तीन वर्षं झिजवले होते. "शिकवलं की पळतात," हे पिलिंगसाहेबांचं ठरलेलं पालुपद. पण आता नाताळात विल्फ्रेड निवृत्त होणार होता. लाकडाच्या भोकांतून तारेने केस ओढून घेण्याची त्याची विद्या त्याच्याबरोबर गेली की हातकामाचं दालन बंद, आणि तिथल्या सहाही बायका घरी. तेव्हा कुठे पिलिंग नमले. "विल्फ्रेड शिकवणार असेल तर करतो तुमच्या प्रशिक्षण योजनेवर सही," म्हणाले.

आणि आता कार्यालयाच्या संगणकाने सगळ्यांचे फॉर्म वाचून निकाल दिला होता. विल्फ्रेड ऑग्डेन : विद्यार्थी, प्राथमिक वर्ग. प्रशिक्षक : रॉडनी.

रॉडनी हा पिलिंगसाहेबांचा मेहुणा. तो दुकानोदुकानी ब्रश विकायचा. भरला मात्र जन्मात एक नव्हता. अख्ख्या कारखान्यात 'पारंगत' वर खूण करणारा तो एकटाच निघाला.

हिलरी तडक कारखान्यात पोचली.

"विल्फ्रेड, अहो काय करून ठेवलंत हे?"

"का गं पोरी? खरं तेच लिहिलं." विल्फ्रेडने चहाचा मग खाली ठेवला.

"तुमच्याइतकं हे काम लँकेशायरमध्ये कुणाला येत नाही!"

"माझ्या बापाला यायचं."

"ते तर कधीच वारले ना?"

"वारला. पण येत होतं त्याला."

"मग आता तुम्हीच उरलात! लिहा 'पारंगत'."

विल्फ्रेडचे कान लालबुंद झाले. "स्वतःच्या हाताने? गल्लीत तोंड कसं दाखवू मी? म्हणतील, ऑग्डेनला म्हातारपणी शिंगं फुटली."

नियमात एक पळवाट होती. सहकाऱ्याची आणि मालकाची शिफारस चालत असे. हिलरीने कागद डोरीनपुढे सरकवला. डोरीन तीस वर्षं विल्फ्रेडशेजारी बसून त्याने भरलेल्या ब्रशांचे केस कापून सारखे करत होती. तिने बराच वेळ विचार केला आणि लिहिलं : 'वाईट नाही.'

"डोरीन, ही काय शिफारस झाली?"

"मग? माझ्या नवऱ्याला एवढंही म्हटलं नाही मी कधी."

पिलिंगसाहेबांनी लिहिलं, 'तक्रार नाही', आणि आपण जरा वाहवत तर गेलो नाही ना, म्हणून पुन्हा एकदा वाचून पाहिलं. संगणकाने दोन्ही शिफारशी इमानदारीत विचारात घेतल्या आणि विल्फ्रेडला प्राथमिक वर्गातूनही खाली, 'विशेष लक्ष द्यावे' या यादीत टाकलं.

हिलरीच्या डोक्याचा पार भुगा झाला. आता आक्षेप नोंदवला तर योजना वसंतापर्यंत लांबणार आणि विल्फ्रेड नाताळातच जाणार. दात-ओठ खात तिने वर्ग सुरू करायला सांगितलं.

सोमवारी सकाळी रॉडनी टाय लावून उभा राहिला. पुढच्या बाकावर विल्फ्रेड हाताची घडी घालून शहाण्या मुलासारखा बसला होता. ब्रश म्हणजे काय, यावर रॉडनी वीस मिनिटं बोलला. मग त्याने तार ओढली आणि मूठभर केस डोरीनच्या चहात पडले. डोरीनने रॉडनीकडे एकदा आणि चहाकडे दोनदा पाहिलं.

"माफ करा हं रॉडनीसाहेब," विल्फ्रेड हळूच उठला, "माझंच चुकत असेल, पण तार जरा अशी धरली तर..."

"तेच सांगणार होतो मी," रॉडनी म्हणाला आणि खाली बसला.

तो पुन्हा उठलाच नाही. शुक्रवारपर्यंत डोरीनने आणि आणखी एकीने आपापला अख्खा ब्रश भरला. केस ओढून पाहिले, एक हलला नाही. विल्फ्रेड म्हणाला, "हं." डोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच दिवशी योजनेचे तपासनीस आले. त्यांनी विल्फ्रेडचे हात पाहिले, मग हातातली यादी पाहिली आणि अहवाल लिहिला : 'विशेष लक्ष लागणारा विद्यार्थी पाच दिवसांत निष्णात. असा प्रशिक्षक जिल्ह्यात दुसरा नाही.' योजनेला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. दालन वाचलं. विद्यार्थी म्हणून विल्फ्रेडला नाताळानंतरही आठवड्यातून दोनदा येणं भाग पडलं. रॉडनीला उत्कृष्ट प्रशिक्षकाची ढाल मिळाली आणि विल्फ्रेडला 'सर्वाधिक प्रगती'चं प्रशस्तिपत्र. मिरवल्यासारखं नको, म्हणून त्याने ते संडासात टांगलं.

"काय माणसं आहेत!" हिलरी ऑफिसात येऊन करवादली. "स्वतःचं चांगलं म्हणायला यांची जीभ झडते का?"

टेबलावर तिचा स्वतःचा वार्षिक फॉर्म पडला होता. 'कारखानदारांना राजी करण्याचं काम तुम्हाला कितपत येतं?' तीन वर्षं उंबरे झिजवून पिलिंगला वळवणारी बाई होती ती! तिने पेन उचललं आणि तरातरा 'पारंगत' पर्यंत नेलं. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी मान वर केली. हिलरीचे कान गरम झाले.

तिने 'थोडंफार' वर खूण केली आणि फॉर्म पालथा घातला.

पुढच्या सोमवारी पत्र आलं. प्राथमिक वर्ग, गुरुवार सकाळी दहा. प्रशिक्षक : रॉडनी.